लघवीतली उत्तेजक द्रव्यं एलसी-एमएस/एमएसवर शोधताना: नमुन्यापासून अहवालापर्यंत, टप्प्याटप्प्याने

नवे अ‍ॅनालिस्ट आणि एमएस्सीचा प्रकल्प करणारी मुलं एलसी-एमएस/एमएसवर (कॉलमवर द्रव्यं वेगळी करून ती वस्तुमानावरून ओळखणारं मशीन) दरवेळी त्याच तीन-चार जागी अडकतात. स्पाइक केलेल्या, म्हणजे मुद्दाम द्रव्य घातलेल्या नमुन्यातून अ‍ॅम्फेटामिन गायब होतं, ब्लँकमध्ये (द्रव्य नसलेल्या लघवीत) पीक दिसतो, आयन रेशो (एका द्रव्याच्या दोन आयनांचं प्रमाण) मर्यादेबाहेर जातो. मग सगळे मशीनकडे बोट दाखवतात, सोर्स (आयन बनवणारा भाग) उघडून धुतात, कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावतात. मशीन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. चूक आधीच टेबलावर झालेली असते, आणि डॉयटेरियमवालं इंटर्नल स्टँडर्ड (प्रत्येक नमुन्यात ठरावीक मात्रेत घातलेला, जड हायड्रोजन असलेला त्याच द्रव्याचा जुळा) आकडा सावरून घेत असल्यामुळे ती लवकर दिसत नाही. म्हणून या लेखात मशीनच्या सेटिंगपेक्षा तयारीला आणि क्रमाला जास्त जागा दिली आहे.

खालची पद्धत ट्रिपल क्वाड्रुपोलसाठी (आयन निवडून, फोडून, त्याचे तुकडे पुन्हा निवडणारं मास स्पेक), ईएसआय पॉझिटिव्ह मोडमधली (विजेच्या फवाऱ्याने धन आयन बनवणारी) आहे. तुमच्या लॅबची एसओपी (ठरवून दिलेली लेखी कार्यपद्धत) वेगळी असेल तर एसओपीच पाळा. मात्र तिच्यातली प्रत्येक पायरी कशासाठी आहे, ते इथे ताडून बघा.

## १. कुठलं द्रव्य आणि किती, हे आधी कागदावर

‘उत्तेजक द्रव्यांचं पॅनल’ एवढं लिहून कामाला लागू नका. नमुना कुठून आला त्यावर यादी आणि मर्यादा दोन्ही बदलतात.

खेळाडूंच्या तपासणीत वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीतला एस-६ हा उत्तेजकांचा गट लागू होतो. त्यातल्या बहुतेक द्रव्यांना ठरावीक उंबरठा नाही, पण चौघांना आहे: इफेड्रिन आणि मिथाइलइफेड्रिन प्रत्येकी १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, कॅथिन ५, आणि स्यूडोइफेड्रिन तब्बल १५०. अमेरिकेच्या सरकारी नोकरांच्या तपासणीत खात्रीच्या चाचणीची मर्यादा अ‍ॅम्फेटामिन, मेथअ‍ॅम्फेटामिन आणि एमडीएमए यांना २५० नॅनोग्रॅम प्रति मिली आहे, कोकेनपासून शरीरात बनणाऱ्या बेंझॉइलएकगोनिनला १००. रुग्णालयात विषबाधेचा नमुना आला तर उंबरठ्यापेक्षा काय आहे आणि काय नाही, हेच डॉक्टरांना हवं असतं.

महाराष्ट्रात पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या बोलण्यातलं ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन. एमडीएमए नव्हे. तयार पॅनल परदेशातून उचललं की त्यात एमडीएमए असतं आणि मेफेड्रोन नसतं. अ‍ॅम्फेटामिनच्या झटपट तपासणीच्या पट्टीवरही मेफेड्रोन भरवशाने उमटत नाही. दोन्ही यादीत हवीत.

मेथिलफेनिडेट शोधायचं असेल तर रिटालिनिक अ‍ॅसिड घ्यायला विसरू नका. लघवीत मूळ औषध थोडंच उतरतं, मुख्यतः हेच येतं. कोकेनच्या बाबतीत तेच काम बेंझॉइलएकगोनिन करतं.

सावधान: नॅनोग्रॅमसाठी बांधलेल्या पद्धतीत इफेड्रिनची चौकडी कोंबू नका. १५० मायक्रोग्रॅमचा नमुना तसाच घातला तर डिटेक्टर भरून जातो आणि पुढच्या दोन-तीन व्हायलमध्ये त्याचं शेपूट दिसतं. त्यांची बॅच वेगळी लावा, नमुना १०० पट किंवा अधिक पातळ करून.

स्टँडर्डची मागणी महिन्या-दोन महिन्यांआधी नोंदवा. ही बहुतेक द्रव्यं एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्याखाली येतात. आयात करायची तर ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्यापासून कागद सुरू होतात. प्रकल्पाचं वर्ष याच कागदात संपलेली मुलं दर बॅचला असतात.

## २. बाटली उघडण्याआधी

नमुन्याचं सील, लेबल आणि फॉर्म यांवरचा क्रमांक जुळतो का बघा. जुळत नसेल तर तिथेच थांबा, लेखी कळवा. पुढे केमिस्ट्री कितीही चोख केली तरी हा दोष भरून निघत नाही. कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जाणारा नमुना असो की खासगी लॅबमधला, न्यायालयात पहिला प्रश्न याच कागदावर येतो.

मग नमुना खरा लघवीचा आहे ना, हे तपासा: क्रिएटिनिन, विशिष्ट गुरुत्व, पीएच. क्रिएटिनिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर नमुना पातळ आहे असं धरून विशिष्ट गुरुत्वाशी ताडून पाहा. नमुना घेतानाच तापमान बघायची सोय असेल तर ४ मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सियस मिळायला हवं.

गोठवलेला नमुना खोलीच्या तापमानाला पूर्ण येऊ द्या. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून पिपेट भरलं तर वरचा पातळ भाग हातात येतो. बाटली उलटीसुलटी करून मिसळा, एक अ‍ॅलिक्वॉट (तपासणीपुरता भाग) काढा, बाटली परत बंद करा. मूळ बाटलीत पिपेट बुडवायचं नाही. आधी छोट्या नळीत ओतून घ्या आणि तिथून मोजा.

साठवणीबद्दल एकच गोष्ट, पण ती महत्त्वाची. कोकेन, तसंच मेफेड्रोनसारखी कॅथिनोन गटातली द्रव्यं अल्कधर्मी लघवीत टिकत नाहीत. कोकेन आपोआप बेंझॉइलएकगोनिन होत जातं. जिवाणू वाढले की लघवीचा पीएच चढतो. म्हणजे दोन दिवस टेबलावर राहिलेल्या नमुन्यात मेफेड्रोन ‘नाही’ असा निकाल आला तर तो निकाल नमुन्याचा नसून त्या दोन दिवसांचा आहे. आला तसा ४ अंशांवर, लांबणार असेल तर उणे २० वर.

## ३. ब्लँक, कॅलिब्रेटर, इंटर्नल स्टँडर्ड

ब्लँक लघवी सहसा लॅबमधल्याच कुणाची तरी असते. देणाऱ्याने आदल्या रात्री सर्दीची गोळी घेतली होती का, हे विचारा, आणि विचारूनही आधी मशीनवर चालवून बघा. स्यूडोइफेड्रिन असलेली गोळी घेतलेल्या माणसाची ‘ब्लँक’ लघवी अख्खा कॅलिब्रेशन कर्व्ह वाकवते.

कॅलिब्रेटर (माहीत असलेल्या मात्रेचे, मोजपट्टीसाठीचे नमुने) याच लघवीत बनवा, पाण्यात नाही. २५, ५०, १००, २५०, ५००, १००० आणि २००० नॅनोग्रॅम प्रति मिली असे सात बिंदू पुरतात. क्यूसी (बॅच बरोबर चालली का हे तपासायचे नमुने) वेगळ्या लॉटच्या किंवा वेगळ्या उत्पादकाच्या स्टँडर्डमधून, शक्यतो दुसऱ्या माणसाच्या हातून. एकाच अ‍ॅम्प्यूलमधून दोन्ही बनवले तर अ‍ॅम्प्यूलमधली चूक दोन्हीत सारखीच येते आणि क्यूसी आनंदाने पास होतो.

इंटर्नल स्टँडर्ड प्रत्येक द्रव्याचं स्वतःचं, डॉयटेरियमवालं घ्या. निदान ३ डॉयटेरियम असावेत, ५ किंवा ८ उत्तम. एकच अ‍ॅम्फेटामिन-डी५ घेऊन सगळ्या पॅनलचं गणित करण्याची काटकसर नडते. बेंझॉइलएकगोनिन वेगळ्या वेळी बाहेर पडतं, तिथलं आयन सप्रेशन (सोबतच्या घाणीने सिग्नल दबणं) वेगळं असतं, आणि डी५ला त्याची काहीच खबर नसते.

इंटर्नल स्टँडर्ड घालायची वेळ एकच: लघवी नळीत मोजून झाल्याबरोबर, बाकी काहीही घालण्याआधी. नंतर घातलं तर आधीच्या पायऱ्यांतलं नुकसान भरून निघत नाही.

तपासा: फक्त इंटर्नल स्टँडर्ड घातलेली ब्लँक लघवी चालवा. मूळ द्रव्याच्या चॅनलमध्ये पीक दिसला तर स्टँडर्डमध्येच बिनडॉयटेरियमचं द्रव्य मिसळलेलं आहे. तो पीक सर्वांत खालच्या कॅलिब्रेटरच्या २० टक्क्यांपेक्षा मोठा असेल तर स्टँडर्डची मात्रा कमी करा किंवा लॉट बदला.

## ४. नमुना साफ करणे

मर्यादा १०० नॅनोग्रॅमच्या वर आणि मशीन बऱ्यापैकी नवं असेल तर १० पट पातळ करून थेट इंजेक्शन चालतं: ५० मायक्रोलिटर लघवी, ४५० मायक्रोलिटर इंटर्नल स्टँडर्ड घातलेलं पाणी, सेंट्रिफ्यूज, व्हायल. स्क्रीनिंगला पुरेसं आहे. खात्रीच्या चाचणीसाठी मात्र मी मिश्र-मोड कॅटायन एक्स्चेंज कार्टरिजच (धन भाराचं द्रव्य धरून ठेवणाऱ्या रेझिनची नळी) सुचवेन.

द्रव-द्रव निष्कर्षण स्वस्त पडतं म्हणून अनेक कॉलेजांत तेच शिकवतात: पीएच १२च्या वर न्यायचा आणि टर्ट-ब्यूटाइल मिथाइल ईथरने ओढायचं. साध्या अ‍ॅम्फेटामिनला ते चालतं. पण बेंझॉइलएकगोनिन आणि रिटालिनिक अ‍ॅसिड यांच्यात अमाइनसोबत आम्लगटही असतो. त्यामुळे त्या पीएचला ती पाण्यातच राहतात, आणि मेफेड्रोन तिथे मोडायला लागतं. म्हणजे पॅनलमधली तीन द्रव्यं पहिल्याच नळीत गमावली.

६० मिलिग्रॅमच्या ३ मिलीवाल्या कार्टरिजवर क्रम असा:

१) १ मिली लघवी, इंटर्नल स्टँडर्ड, मग १ मिली ४ टक्के फॉस्फोरिक आम्ल. व्होर्टेक्स, १० मिनिटं सेंट्रिफ्यूज. वरचं स्वच्छ द्रावणच पुढे.

२) कार्टरिजला २ मिली मेथॅनॉल, मग २ मिली पाणी.

३) नमुना मिनिटाला १ मिलीच्या आसपास. थेंब मोजता आले पाहिजेत. व्हॅक्यूम जोरात लावून धार सुटली तर द्रव्य न चिकटता खाली जातं.

४) धुवायला आधी २ मिली २ टक्के फॉर्मिक आम्लाचं पाणी, नंतर २ मिली मेथॅनॉल. हा क्रम उलटा करू नका. आम्लामुळे अमाइनवर भार राहतो आणि तो रेझिनला घट्ट धरतो, मगच मेथॅनॉलने रंग आणि चिकट घाण निघून जाते.

५) व्हॅक्यूमवर ३-४ मिनिटं कोरडं करा.

६) ५ टक्के अमोनिया असलेल्या मेथॅनॉलने दोनदा, १-१ मिली. हे द्रावण त्याच दिवशी बनवलेलं हवं. उन्हाळ्यात बाटली दोन-चार वेळा उघडली की अमोनिया उडून जातो, आणि मग सगळी द्रव्यं कार्टरिजमध्येच बसून राहतात.

आता सर्वांत जास्त चुकणारी जागा. अ‍ॅम्फेटामिन आणि मेथअ‍ॅम्फेटामिन मुक्त बेस रूपात उडून जाणारी आहेत. नायट्रोजनखाली वाळवताना ती नळीतून वाऱ्यासोबत जातात. म्हणून वाळवणं सुरू करण्याआधी प्रत्येक नळीत ५० मायक्रोलिटर १ टक्का हायड्रोक्लोरिक आम्लाचं मेथॅनॉल घाला. अमोनिया उडतो, द्रव्य हायड्रोक्लोराइड होऊन तळाशी राहतं. तापमान ४० अंशांच्या वर नको, आणि नळी कोरडी झाल्याक्षणी काढा. चहाला जाऊन आल्यावर काढायची ही पायरी नाही.

हे आम्ल विसरलात तर काय दिसेल? आकडा जवळजवळ बरोबर येईल, कारण डी५ही त्याच प्रमाणात उडालेलं असतं. फक्त दोन्हींचं क्षेत्रफळ पडलेलं असेल. ५०० नॅनोग्रॅमच्या क्यूसीत हे खपून जातं, ५०च्या नमुन्यात पीकच उरत नाही आणि तुम्ही ‘आढळले नाही’ लिहून मोकळे होता. एमडीएमए आणि बेंझॉइलएकगोनिन तेवढे उडत नाहीत, म्हणून ‘बाकी पॅनल छान आहे, अ‍ॅम्फेटामिनच रुसलंय’ असं चित्र दिसलं की आधी आम्लाची बाटली आठवा.

७) २०० मायक्रोलिटर सुरुवातीच्या मोबाइल फेजमध्ये विरघळवा. निव्वळ मेथॅनॉलमध्ये नाही. लवकर बाहेर पडणाऱ्या अ‍ॅम्फेटामिनचा पीक मेथॅनॉलमुळे फाटतो किंवा पुढे पसरतो.

## ५. कॉलम आणि ग्रेडियंट

सी-१८ किंवा बायफिनाइल, २.१ बाय १०० मिमी. एका बाजूला ०.१ टक्के फॉर्मिक आम्लाचं पाणी, दुसऱ्या बाजूला तेवढंच आम्ल घातलेलं मेथॅनॉल. प्रवाह ०.४ मिली, ओव्हन ४० अंश. ५ टक्के सेंद्रियवर अर्धा मिनिट थांबा, ५ मिनिटांपर्यंत ४० टक्क्यांवर जा, मग ९५ टक्क्यांवर धुवून परत ५ वर या. परत आल्यावर दोन मिनिटं तरी स्थिर होऊ द्या, नाहीतर दर इंजेक्शनला रिटेन्शन टाइम (द्रव्य कॉलममधून निघायची वेळ) सरकतो.

पहिला साधारण एक मिनिट डायव्हर्ट व्हॉल्व्ह कचऱ्याकडे ठेवा. लघवीतले क्षार आणि युरिया तिथेच निघतात.

पूर्ण पॅनल लावण्याआधी काही जोड्या वेगळ्या होतात का, हे एकेक द्रव्य इंजेक्ट करून बघा:

इफेड्रिन आणि स्यूडोइफेड्रिन. दोघांची ट्रान्झिशन (मूळ आयन→तुकडा ही जोडी) तंतोतंत सारखी. कॉलमने वेगळं केलं तरच वेगळं. नॉरइफेड्रिन आणि कॅथिनचंही तेच.

मेथअ‍ॅम्फेटामिन आणि फेंटरमिन. दोघांचं वस्तुमान सारखं, दोघांतून ९१ वस्तुमानाचा तुकडा निघतो.

मेफेड्रोन आणि त्याचा ३-एमएमसी हा भाऊबंद. आयन तेच, फक्त मिथाइल गटाची जागा वेगळी.

तपासा: जोडीचे दोन्ही पीक पायथ्यापर्यंत सुटे होत नसतील तर पुढे जाऊ नका. आयन रेशो कितीही सुंदर आला तरी नाव चुकेल.

## ६. ट्रान्झिशन: कुठला आयन विश्वासाचा

प्रत्येक द्रव्याला दोन ट्रान्झिशन, एक मोजायला आणि एक ओळख पटवायला. कोलिजन एनर्जी (आयन फोडायची ऊर्जा) दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नका, स्वतःच्या मशीनवर द्रव्य थेट सोडून (इन्फ्यूज करून) ठरवा. सुरुवातीला हे घ्या:

अ‍ॅम्फेटामिन १३६→९१ आणि १३६→११९
मेथअ‍ॅम्फेटामिन १५०→९१ आणि १५०→११९
एमडीए (एमडीएमएचा भाऊबंद) १८०→१३५ आणि १८०→१०५
एमडीएमए १९४→१६३ आणि १९४→१०५
मेफेड्रोन १७८→१६० आणि १७८→१४५
इफेड्रिन आणि स्यूडोइफेड्रिन १६६→१४८ आणि १६६→१३३
बेंझॉइलएकगोनिन २९०→१६८ आणि २९०→१०५
रिटालिनिक अ‍ॅसिड २२०→८४. याचा दुसरा आयन क्षीण असतो, तो आपल्या मशीनवर शोधावा लागतो.

१३६→११९ वर नवी माणसं हमखास फसतात. लघवीत अ‍ॅडेनिन असतं. त्याचा प्रोटॉन धरलेला आयनही १३६चा आणि तोही अमोनिया सोडून ११९ होतो. क्वाड्रुपोलला १३६.०६ आणि १३६.११ यांतला फरक कळत नाही. सुदैवाने अ‍ॅडेनिन कॉलमवर जवळपास थांबतच नाही, म्हणून ते खूप आधी निघतं. ग्रेडियंट घाईने आखून अ‍ॅम्फेटामिन पहिल्या मिनिटात आणलंत तर मात्र दोन्ही एकत्र येतात, आणि स्वच्छ माणसाच्या नमुन्यात पीक दिसतो.

मेथअ‍ॅम्फेटामिनमध्ये ११९ हाच खरा साक्षीदार. फेंटरमिन अमोनिया सोडून १३३ होतं, ११९ देत नाही. फक्त ९१ पाहून मेथअ‍ॅम्फेटामिन लिहिणं म्हणजे वजन कमी करायची गोळी घेणाऱ्याला नाहक अडकवणं.

एमडीएला बहुतेक जण १८०→१६३ घेतात. मिथाइलइफेड्रिनही १८०चं आहे आणि पाणी सोडून १६२ होतं. तिसऱ्या क्वाड्रुपोलचं रिझोल्यूशन सैल असेल तर शेजारचा १६२ आत डोकावतो. म्हणून वर १३५ आणि १०५ दिले आहेत.

पीक ६ सेकंदांचा असेल आणि त्यावर १२ बिंदू हवे असतील तर एक फेरी अर्ध्या सेकंदात व्हायला हवी. २० मिलिसेकंदांचा ड्वेल (एका ट्रान्झिशनवर थांबायचा वेळ) धरला तर एका वेळी २५ ट्रान्झिशनच्या पुढे जाता येत नाही. वेळेच्या खिडक्या लावून, म्हणजे प्रत्येक द्रव्य त्याच्या निघण्याच्या वेळेपुरतंच मोजून, हे सोडवतात.

सावधान: खिडकी अरुंद ठेवली आणि कॉलम जुना होऊन पीक सरकला, तर पीक खिडकीबाहेर जातो. सॉफ्टवेअर शांतपणे शून्य लिहितं. बॅच सुरू करण्याआधी एका मधल्या स्टँडर्डने सगळे पीक खिडकीच्या मध्यावर आहेत ना, ते पाहा.

## ७. बॅचचा क्रम

सॉल्व्हंट ब्लँक, ब्लँक लघवी, इंटर्नल स्टँडर्डसह ब्लँक लघवी, कॅलिब्रेटर खालून वर, लगेच पुन्हा ब्लँक, क्यूसी, मग नमुने. दर १० नमुन्यांनी क्यूसी आणि शेवटीही क्यूसी. २०००च्या कॅलिब्रेटरनंतरचा ब्लँक हीच तुमची कॅरीओव्हर (आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात येणं) चाचणी. तिथे दिसलं तर सुई धुण्याचं द्रावण बदला आणि बॅच परत लावा.

एखादा नमुना फार वर निघाला तर त्याच्या पाठचा नमुना ताज्या अ‍ॅलिक्वॉटपासून पुन्हा करा. तीच व्हायल परत टोचून उपयोग नाही, कारण गळती कार्टरिजच्या रॅकवर झालेली असू शकते.

## ८. क्रोमॅटोग्राम वाचताना

आधी आकडा बघायचा नाही. आधी इंटर्नल स्टँडर्डचं क्षेत्रफळ बघा. ते बॅचच्या सरासरीच्या ५० ते १५० टक्क्यांत नसेल तर त्या नमुन्यात निष्कर्षण बिघडलंय किंवा सप्रेशन जबर आहे. अशा नमुन्याचं ‘आढळले नाही’ ग्राह्य धरू नका. पातळ करून किंवा नव्याने काढून परत चालवा.

मग रिटेन्शन टाइम: कॅलिब्रेटरपासून ०.१ मिनिटाच्या आत, आणि डॉयटेरियमवाल्याच्या जवळजवळ सोबत. डॉयटेरियम जास्त असलेलं स्टँडर्ड किंचित आधी निघतं, ते चालतं. नंतर निघालं तर काहीतरी गडबड आहे.

मग आयन रेशो, एसओपीतल्या मर्यादेत, बहुतेक लॅबांत ±२० टक्के. बाहेर गेला तर लगेच निगेटिव्ह म्हणू नका. पीक छताला टेकला असेल तर डिटेक्टर भरल्यामुळेही रेशो बिघडतो. पातळ करून पाहा.

शेवटी कर्व्ह. १/एक्स वेटिंग (खालच्या बिंदूंना जास्त वजन) लावा, नाहीतर २०००चा बिंदू सगळी रेष स्वतःकडे ओढतो आणि २५च्या जवळचे आकडे भरकटतात. पीकच्या पायथ्याची रेष हाताने ओढायची वेळ आलीच तर आधीचं आणि नंतरचं दोन्ही चित्रं जपून ठेवा, कारणासह.

सावधान: मॅट्रिक्स इफेक्टची (लघवीतल्या इतर घटकांच्या सिग्नलवरच्या परिणामाची) तपासणी एकाच ब्लँक लघवीवर करून पद्धत ‘व्हॅलिडेटेड’ म्हणणं सर्रास चालतं. निदान १० वेगवेगळ्या माणसांची लघवी घ्या, त्यात सकाळची गडद पिवळीही हवी.

## ९. अहवालात काय लिहायचं आणि काय टाळायचं

पट्टीवरचा पॉझिटिव्ह कधीच अंतिम म्हणून लिहायचा नाही. रॅनिटिडिन, लॅबेटॅलॉल यांसारखी साधी औषधंही काही अ‍ॅम्फेटामिन इम्युनोअ‍ॅसेंना फसवतात. मास स्पेकवर पॉझिटिव्ह आला तरी नवा अ‍ॅलिक्वॉट काढून दुसऱ्यांदा खात्री करा.

मेथअ‍ॅम्फेटामिन आढळलं तर सोबत त्यापासून शरीरात बनणारं मेटाबोलाइट अ‍ॅम्फेटामिन दिसतं का ते नोंदवा. अमेरिकेच्या नियमात मेथअ‍ॅम्फेटामिन पॉझिटिव्ह म्हणण्यासाठी १०० नॅनोग्रॅम अ‍ॅम्फेटामिन सोबत असावं लागतं. पार्किन्सनच्या रुग्णाला दिलेल्या सेलेजिलिनपासून शरीरात एल-मेथअ‍ॅम्फेटामिन आणि एल-अ‍ॅम्फेटामिन दोन्ही बनतात. साधा सी-१८ कॉलम डी आणि एल ही आरशातल्या प्रतिमेसारखी जोडरूपं वेगळी करत नाही. रुग्णाच्या औषधांच्या यादीत ते नाव असेल तर कायरल (डी-एल वेगळे करणाऱ्या) पद्धतीने तपासल्याशिवाय सही करू नका.

स्यूडोइफेड्रिन घेतलेल्याच्या लघवीत कॅथिनही उतरतं. फक्त कॅथिनचा आकडा वेगळा काढून अहवालात टाकलात तर वाचणारा चुकीचा अर्थ लावेल. दोन्ही आकडे शेजारी लिहा.

किती घेतलं, कधी घेतलं, हे लघवीच्या आकड्यावरून लिहायचं नाही, तपास अधिकारी फोनवर कितीही विचारोत. अ‍ॅम्फेटामिन आम्लधर्मी लघवीत भराभर उतरतं, अल्कधर्मी लघवीत रेंगाळतं. तीच मात्रा घेतलेल्या दोघांचे आकडे कितीतरी पट वेगळे येऊ शकतात. द्रव्याचं नाव, आकडा, अनिश्चितता, पद्धतीची शोधमर्यादा आणि नमुन्याची स्थिती एवढं पुरे. उरलेला नमुना सील करून उणे २० वर ठेवा आणि फ्रीझरच्या रजिस्टरमध्ये शेल्फ क्रमांकासह त्याच दिवशी नोंद करा.